ह्यांचं नाक आणि वाफेची किटली

माझे यजमान अंबरनाथला, मोरिवलीच्या बाजूला एका कारखान्यात वास घ्यायची नोकरी करायचे. असं सांगितलं की लोक हसत, पण ती खरोखरच तशी नोकरी होती. साबणात आणि उदबत्तीत घालायचे सुगंध तिथे तयार होत. माल बाहेर पडण्याआधी कागदाच्या पट्टीवर त्याचा थेंब घेऊन ती ह्यांच्या नाकाखाली धरली जायची. ह्यांनी मान हलवली की पिंप पुढे जायचं. घरी आल्यावरही ते नाक स्वस्थ बसत नसे. जिना चढतानाच ह्यांना कळायचं की आज आमटीत चिंच नाही, आमसूल आहे. कधी कधी मला त्याचा रागही यायचा.

मग साथीच्या दिवसांत आम्हा दोघांना ताप आला. माझा गेलेला वास लवकर परत आला. ह्यांचा आला नाही.

कंपनीने बरीच वाट पाहिली. नंतर ह्यांना गोदामात बसवलं. ते सहन होईना, तेव्हा ह्यांनीच नोकरी सोडली. मी बदलापूरला शाळेत शिकवते, मुलगी लग्न होऊन पुण्याला, त्यामुळे घराची तशी काळजी नव्हती. काळजी ह्यांची होती. बदलापुरातच खरवईच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये हे दिवसभर बाल्कनीत बसून राहायचे. जेवायला बसले की घास उचलण्याआधी विचारायचे, "ह्यात काय काय आहे?" मी सांगायचे. हे मान डोलवायचे आणि औषध घेतल्यासारखं जेवायचे. दूध नासलेलं कळत नाही म्हणून हे मी शाळेतून येईपर्यंत चहा करत नसत.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नाकाला व्यायाम द्या. निदान तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ ओळखीचे वास घ्यायचे, आणि घेताना त्यांची आठवण काढायची. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. कंपनीतल्या एका मित्राने मुद्दाम लहान लहान बाटल्या पाठवल्या. ह्यांनी त्या चार दिवस हुंगल्या आणि कपाटात ठेवून दिल्या.

"तयार वास मी जन्मभर हुंगले," हे म्हणाले. "मला तो निघताना बघायचाय. नाकाला नाही कळला तरी डोळ्यांना कळेल."

म्हणजे ह्यांना घरात अर्क काढायचा होता. पाला उकळायचा, त्याची वाफ नळीतून न्यायची, ती गार करायची आणि थेंब थेंब धरायचे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना ह्यांनी काचेच्या उपकरणात हे केलेलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, कारण कितीतरी दिवसांनी हे कशासाठी तरी उठून उभे राहिले होते. पण माझ्या डोळ्यांसमोर आधी दुसरंच आलं. उकळतं पाणी, वाफ, गॅस, आणि समोर ज्याला काही करपलेलं कळत नाही असा माणूस.

पहिलं भांडं म्हणजे आमचा जुना कुकर. ह्यांनी शिट्टी काढली, तिच्या जागी रबरी नळी घट्ट बसवली, नळीचे वेढे पाण्याच्या बादलीत सोडले आणि टोक बाटलीत. आत बाजारातून आणलेला गवती चहा. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह नवा घातल्याशिवाय मी गॅस पेटवू दिला नाही. नळी दबली तर वाफ जाणार कुठे, हा एकच प्रश्न मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा विचारत होते. हे शांतपणे सांगत होते, आच बारीक ठेवायची, वाफ कोंडू द्यायची नाही, नळीला कुठे मुरड पडू द्यायची नाही. हा कुकर नाही, हे नळीवाटे कायम उघडं असलेलं भांडं आहे, असंच समजायचं.

थेंब पडायला लागले. हे बाटलीकडे असे बघत होते की मला तिकडून नजर काढून घ्यावीशी वाटली. बाटली भरली, आणि ह्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"कसा आहे?"

मी वास घेतला. सायकलच्या दुकानात यावा तसा रबराचा वास होता, त्याच्यामागे कुठेतरी थोडा गवती चहा. मी तसंच सांगितलं. ह्यांनी बाटली परत आपल्या नाकाखाली धरली, बराच वेळ, आणि मग मोरीत ओतून टाकली. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर टेबलावर कागद पसरून नळीचं चित्र काढणं चाललं होतं.

तेव्हापासून मी ह्यांचं नाक झाले.

रबर बाद झालं, तांब्याची नळी हवी असं ठरलं. आम्ही उल्हासनगरला फ्रिज-एसीच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदार सिंधी, वयस्कर आणि गप्पिष्ट. ह्यांनी नळीची जाडी सांगितली, लांबी सांगितली. त्याने गुंडाळी काढता काढता विचारलं, "साईं, फ्रिज का काम तो नहीं लगता." ह्यांनी सांगितलं, गुलाबपाण्यासारखं काढायचंय. तो हसला आणि म्हणाला, "काढा, काढा. जमलं तर आम्हाला पण एक बाटली." आजूबाजूचे दोघं-तिघंही हसले. ह्यांच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र परत येताना रिक्षात तेच घोकत होते. नळी, भांडं, बादली. बघणाऱ्याला ही हातभट्टीच दिसणार. शाळेतल्या बाईंच्या घरात भट्टी लागते, एवढं कुणी नुसतं म्हटलं तरी पुरे.

फ्रिजची नळी आतून तेलकट असू शकते म्हणून ती व्हिनेगर आणि गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. वाकवताना चपटी होऊ नये म्हणून ह्यांनी तिच्यात बारीक मीठ ठासून भरलं, दोन्ही तोंडं बंद केली आणि प्लंबिंगच्या जाड पाइपाभोवती ती हळूहळू गुंडाळली. वेढे सुरेख पडले. पण मीठ आतच दगडासारखं बसलं. ती गुंडाळी गरम पाण्यात बुडवून ठेवायची, फुंकायची, परत बुडवायची, असा आमचा एक अख्खा रविवार गेला. शेवटी पलीकडच्या तोंडातून पाण्याची धार आली तेव्हा हे हसले. हसताना ह्यांचे खालचे दात दिसतात, हे मी विसरूनच गेले होते.

कुकरच्या जागी स्टीलची किटली आली, दूधवाल्यांकडे असते तशी, रुंद तोंडाची. झाकणाला भोक पाडून नळी बसवायची होती. कथलाचा डाग देऊन जोडतो, असं गॅरेजवाला म्हणाला. त्या डागात शिसं असतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी हटून बसले. शिशावरून गेलेलं पाणी मी नाकाशीसुद्धा नेणार नाही म्हणाले. ह्यांनी ऐकलं, आणि डाग न देता पितळी नटांनी आवळायची जोडणी आणली. झाकणाची कड मात्र कणकेने लिंपायची. मला वाटलं होतं ही तात्पुरती सोय असेल. ह्यांनी समजावलं की कणीक मुद्दामच आहे. नळी कधी तुंबलीच तर आधी कणीक सुटेल, वाफ कडेने निघून जाईल, भांडं फुटणार नाही. त्या दिवसापासून मी कणीक स्वतः मळायला लागले. फार घट्टही नाही आणि फार सैलही नाही.

तरी चुका होतच होत्या. पाला पाण्यात बुडाला की तळाला लागायचा आणि अर्काला करपट वास यायचा. तो मीच सांगायचे. मग इडलीपात्रातली भोकांची ताटली आत पायांवर उभी केली, खाली पाणी, वर पाला. बादलीतलं पाणी तापलं की नळीच्या टोकातून थेंबाऐवजी वाफच यायची. मग बादलीला खाली एक आणि वर एक तोटी बसवली, गार पाणी खालून आत, कोमट पाणी वरून बाहेर. पहिल्या बाटलीत वास लख्ख असायचा, शेवटच्या बाटलीत उकडलेल्या भाजीचा. कुठे थांबायचं हे नाक असलेल्या माणसालाच कळतं. त्यामुळे शाळेतून आल्यावर चप्पल काढायच्या आत माझ्यासमोर बाटल्यांची रांग असायची.

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय? हिरवा? लिंबासारखा? साबणासारखा?"

मला शब्द सापडत नसत. परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. माझं काही चुकलं तर हे दुसऱ्या दिवशी सगळं उलटं करून बसतील, ही धास्ती. आणि माझ्यासमोर ह्यांचा चेहरा रोज तसाच कोरा राही, त्याची वेगळी. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत कधीच उलटून गेली होती. त्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो.

सगळ्यात मोठी भीती मी ह्यांच्याशी बोललेच होते: मी घरात नसताना गॅस पेटवायचा नाही. हे हो म्हणाले होते. पुष्कळ दिवस पाळलंही. पण नाशिकहून कुणीतरी गुलाबाच्या पाकळ्या आणून दिल्या, आणि त्या संध्याकाळपर्यंत टिकणार नाहीत असं ह्यांना वाटलं.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. जिन्यातच मला गॅसचा वास आला. आमच्या मजल्यावर शेजारीणबाई आमच्या दारासमोर उभ्या होत्या, घाबरलेल्या. त्या म्हणाल्या, मी घंटी वाजवायला हात उचलला आणि थांबले, घंटीनेसुद्धा ठिणगी पडते असं ऐकलंय. दार ठोठावतेय, पण आतून आवाज येत नाही.

मी किल्लीने दार उघडलं. स्वयंपाकघरात हे पाठमोरे उभे होते. पाकळ्या जास्त भरल्या गेल्या होत्या, फेस वर येऊन कणकेच्या कडेतून उतू गेला होता आणि खालची ज्योत विझली होती. कॉक चालूच. थेंब पडायचे का थांबले ते बघायला हे बाल्कनीतून नुकतेच उठून आले होते; तिथे ठोठावणं ऐकू गेलं नव्हतं. ज्योत नाही हे ह्यांना दिसलं होतं. हातात लायटर होता, आणि दुसरा हात शेगडीकडे निघाला होता.

"लायटर खाली ठेवा," मी म्हणाले. "काही पेटवू नका. काही दाबू नका. खाली ठेवा."

ह्यांनी ठेवला. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग शेगडीकडे पाहिलं. मी कॉक बंद केला, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, ह्यांना दंडाला धरून बाहेर जिन्यात आणलं. पंख्याच्या बटणाकडे माझा हात सवयीने गेला होता तो मध्येच मागे घेतला, हे मला अजून आठवतं. आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून राहिलो. शेजारीणबाईंनी पाणी आणून दिलं. ह्यांनी पेला न पिताच पायरीवर ठेवला.

"मला काहीच नाही आलं गं," हे म्हणाले. "एवढा वास होता का?"

"खालच्या मजल्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. वयाने आमच्याहून लहान, ह्यांना काका म्हणणारे. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ह्यात गूळ नाही, काही आंबवलेलं नाही, हा नुसता पाला आणि पाणी, हवं तर वास घेऊन बघा. त्यांनी किटलीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं.

"काकू, लोक काय बोलतात ते मी ऐकलंय, ते सोडा," ते म्हणाले. "दारू नाही, मला माहितीय. काकांना वास येत नाही आणि काका गॅसपाशी बसतात, एवढंच म्हणायला आलो. वर-खाली लहान मुलं आहेत."

सेक्रेटरी गेल्यावर ह्यांनी नट सोडवले, नळी वेगळी केली, किटली धुऊन पालथी घातली आणि सगळं माळ्यावर चढवलं. मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पण ते सुटलेपण टिकलं नाही. हे परत बाल्कनीत जाऊन बसले. आता तर जेवताना विचारतही नसत की ह्यात काय आहे. मी शाळेत असले की मला घराची काळजी, घरी आले की ह्यांची. आधी निदान कशाला भ्यायचं ते माहीत होतं. आता समोर काही नव्हतं, आणि तरी मी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता थांबत असे.

एका सुटीला बदलापूर गावातली माझी मावसबहीण आली. तिचं घर जुन्या वस्तीत, मागे मोकळं अंगण, सांडपाण्याच्या कडेने गवती चहाचे हे एवढे ठोंब. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती ह्यांच्याशी इकडचं तिकडचं काही बोललीच नाही.

"भावोजी, तुमचा ता भांडा घेऊन आमच्या मागच्या दारी या," ती म्हणाली. "चूल हाय, लाकडा हायेत. गॅसचा काय काम नाय. मी दिवसभर तिथंच असतंय."

हे नको म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा फोनवर म्हणाली, गवती चहा कापून ठेवलाय, सुकून जाईल. मग हे गेले.

चुलीवर आच सांभाळणं गॅसपेक्षा अवघड. पहिल्या दिवशी पाणी एकदम खवळलं, कणीक सुटली, वाफ फुसकन् कडेने गेली. मी त्या वेळी तिथेच होते आणि चार पावलं मागे पळाले. हे पळाले नाहीत. लाकूड ओढून काढलं आणि थांबले. नंतर ह्यांनी किटलीखाली वाळूची परात ठेवली, म्हणजे उष्णता सावकाश पोहोचते. किटली अर्ध्याहून जास्त भरायची नाही हे ठरवून टाकलं. नळी चढवण्याआधी प्रत्येक वेळी तिच्यातून फुंकून बघायचं, हेही. बहिणीला हे सगळं पाठ झालं. बादलीत विहिरीचं पाणी ती घालायची, आणि उरलेल्या पाल्याचं खत करायची. मी शाळा सुटली की स्कूटरवरून तिकडे जायचे आणि वास घ्यायचे. बहिणीचं नाक माझ्याहून चांगलं निघालं. "ह्याला धूर लागलाय," ती सरळ सांगायची, आणि ह्यांना ते चालायचं.

थंडी सरत असताना एक दिवस मी पोहोचले तर हे ओट्यावर बसले होते, चेहरा ओढलेला. बहीण बाजूला उभी. मला वाटलं भाजलं. पुढे बाटली होती, तासाभरापूर्वी काढलेली.

"हिला विचार, ह्यात काय पडलंय," हे म्हणाले. "कुजकट वास मारतोय. मेलेल्या उंदरासारखा."

मी बाटली घेतली. गवती चहा होता, स्वच्छ, आत्ता तोडल्यासारखा. बहिणीने डोळ्यांनी मला विचारलं, वास चांगलाच आहे हे सांगायचं का? इतके महिने काहीच येत नव्हतं, आणि आता आलं ते हे. आपण ह्यांचं नाक सुधारायला निघालो आणि बिघडवून बसलो, असंच मला वाटलं. ह्यांनी पुन्हा हुंगलं आणि ओकारी आल्यासारखं तोंड फिरवलं.

डॉक्टर मात्र खूश झाले. म्हणाले, तुटलेली तार जुळताना अशीच उलटसुलट जुळते. वाईट का होईना, येतोय ना? व्यायाम सोडू नका. त्यांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर हे पायरीवर थांबले आणि रुमालाने डोळे पुसले. मी रिक्षा थांबवायला पुढे गेले, उगीचच, रिक्षा समोरच उभी होती.

पुढचे काही महिने सोपे नव्हते. कांद्याची फोडणी ह्यांना सहन होत नव्हती, कॉफीला जळक्या रबराचा वास यायचा. आम्ही वरणभात आणि दही खाऊन राहिलो. घरी आता इंडक्शनची शेगडी आहे. सिलेंडर मी देऊन टाकला. सेक्रेटरींना हे स्वतः जाऊन सांगून आले.

परवा बहिणीच्या अंगणात वाळा किटलीत घालून चुलीवर चढवला होता. वाळ्याची मुळं रात्रभर भिजवावी लागतात आणि त्यांना फार वेळ आच द्यावी लागते. दुपार कलली तरी थेंब पडतच होते. पहिली बाटली भरल्यावर ह्यांनी नेहमीसारखी माझ्याकडे केली. मी हात पुढे केला नाही.

"आधी तुम्ही सांगा," मी म्हणाले.

ह्यांनी कागदाची पट्टी बुडवली, झटकली आणि नाकाखाली धरली. डोळे मिटले. बहीण चुलीतलं लाकूड मागे ओढता ओढता थांबली. मी वाईटाच्या तयारीत होते. काही नाही म्हणतील, किंवा तोच उंदीर.

"माती आहे," हे म्हणाले. पट्टी पुन्हा हुंगून म्हणाले, "ओली नाही, कोरडी. माठाची असते तशी. त्याच्यापुढे आणखी काहीतरी आहे, पण ते मला लागत नाहीये."

"आहे त्याच्यापुढे," मी म्हणाले.

"काय ते सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. ह्यांनी पट्टी खिशात ठेवली, बाटलीला बूच लावलं आणि वाकून बादलीतलं पाणी हाताने बघितलं. ते कोमट झालं होतं. बहीण विहिरीकडे निघाली, तिच्या मागोमाग मीही दुसरी कळशी घेऊन गेले.